पाणघोड्याच्या तोंडी दूध

पाणघोड्याला 'ऐक्य' म्हणता येत नव्हतं. 'ऐ' म्हणताना त्याचा जबडा इतका फाकायचा की जीभ, पडजीभ आणि त्यामागे दादानं रंगवायची राहिलेली पांढरी पोकळी, सगळंच दिसायचं. मुलांनी पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, महाराज आतून रिकामे आहेत.

धाकटी आरशासमोर बसली होती. तिनं स्वतःचा जबडा दोन बोटांनी धरला आणि हळूहळू म्हटलं, "ऐ... ऐ... ऐ..."

"काय 'ऐ, ऐ' चाललंय?" आई स्वयंपाकघरातून कडाडली. "आईला नीट 'आई' म्हणता येत नाही का? एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं!"

"तुला नाही गं, पाणघोड्याला म्हणतेय."

"मग त्याला तरी 'अहो' म्हण. महाराज आहे ना तो?"

धाकटी भौतिकशास्त्राची पदवीधर होती. वस्तू पडते कशी, लोळते कशी आणि थांबते कशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे दादानं जेव्हा बैठकीच्या खोलीत 'उत्तुंग अॅनिमेशन' काढलं, तेव्हा चित्रं त्यानं काढायची आणि ती हलवायची हिनं, अशी वाटणी झाली. बैठकीच्या खोलीत दोन संगणक, एक पडदा आणि वायरींचं जंगल आलं. बदल्यात सोफा बाहेर गेला. तो गॅलरीत प्लास्टिक पांघरून उभा होता. आडवा मावत नव्हता म्हणून खरोखरच उभा, एका हातावर. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी आईला दोनदा विचारलं होतं, "नवीन फ्रिज का हो?" तेव्हापासून आईनं गॅलरीत कपडे वाळत घालणं सोडलं होतं.

उत्तुंगची वाटचाल मात्र नावाप्रमाणे चढती होती, निदान दादाच्या मते. पहिली जाहिरात गाद्यांच्या दुकानाची. त्यात गादीतून हाकललेला ढेकूण इतका बिचारा दिसला, की गिऱ्हाइकं दुकानात येऊन त्या ढेकणाचं पुढे काय झालं ते विचारू लागली. दुसरी जाहिरात दातांच्या डॉक्टरांची. त्यात किडलेली दाढ तोंडाचा निरोप घेताना रडते. ती पाहून मुलांनी दाढा काढून घ्यायला साफ नकार दिला, आणि डॉक्टरांनी उत्तुंगशी बोलणं टाकलं. या दोन विजयांनंतर दादानं थेट मोठी उडी मारली होती: 'चिखलनगरीचे महाराज'. एका पाणघोडा कुटुंबावरचा पूर्ण लांबीचा कौटुंबिक चित्रपट. कुटुंबावरचा, कुटुंबानं केलेला आणि आजवर फक्त कुटुंबानंच पाहिलेला.

आता मात्र एक परका माणूस तो पाहणार होता. मोठ्या सुट्टीत मुलांसाठी कोणते चित्रपट लावायचे, हे शहरातल्या थिएटरांसाठी ठरवणारे एक गृहस्थ रविवारी दुपारी घरी येणार होते. भावंडांनी त्यांचं नाव गंभीरराव ठेवलं होतं, कारण आयुष्यभर मुलांचे विनोदी चित्रपट पाहूनही ते कधी हसले नव्हते, असं सगळे सांगत.

आईनं आपला निकाल आधीच दिला होता. "त्यांनी घेतला, तर मी काही बोलणार नाही. नाही घेतला, तर सोमवारी सोफा आत आणि तू प्रयोगशाळेत."

प्रयोगशाळा पाणी तपासण्याची होती. धाकटीला तिथे नोकरी ठरल्यात जमा होती. दिवसभर बाटल्यांमधलं पाणी पाहायचं आणि ते पाणीच आहे असं लिहायचं. पण गेली दोन वर्षं ती पाण्यात एक अख्खा पाणघोडा उतरवत होती. तो उतरला की तळ्याची पातळी किती चढेल, लाट काठावर केव्हा आपटेल, हे सगळं तिनं बसवलं होतं. एकदा एवढं वजनदार पात्र पाण्यात सोडल्यावर माणूस पुन्हा नुसत्या पाण्याकडे कसा वळणार?

तिची खरी कमाई होती 'तोंडपाटीलकी'. हे तिनं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव. त्याला रेकॉर्ड केलेला आवाज द्यायचा. तो ऐकून 'म'ला ओठ मिटायचा, 'ऊ'ला चंबू करायचा, 'आ'ला जबडा पाडायचा आणि पाणघोड्याचं तोंड आपोआप हलवायचा. स्वतः काही न करता दुसऱ्याचं तोंड चालवायचं, म्हणून हे नाव.

आवाज बाबांचा होता. एरवी बाबांचा आवाज बारीक, पण सर्दी झाली की तो असा काही खर्जात उतरे, की फोनवर नातेवाईक ओळखत नसत. म्हणून महाराजांची सगळी वाक्यं बाबांच्या सर्दीसाठी राखून ठेवली होती. बाबा शिंकले रे शिंकले, की दादा त्यांना माईकसकट बैठकीच्या खोलीतल्याच कपड्यांच्या मोठ्या कपाटात बसवायचा. तिथल्या रजयांमुळे आवाज घुमत नसे.

शेवटच्या प्रसंगातलं महाराजांचं भाषण दादानं स्वतः लिहिलं होतं. पूर आलाय, पाणघोडे घाबरून पाण्याखाली दडलेत, आणि महाराज पुढचा पाय उंचावून म्हणतात, "प्रजाजनहो! महापूर दाराशी आला आहे! परंतु ज्यांच्या हृदयी ऐक्याचा दीप तेवतो, त्यांना जलाचे भय ते कसले!"

"पण पाणघोड्यांना पाण्याचं भय असेलच कशाला?" धाकटीनं विचारलं होतं.

"लाक्षणिक आहे ते," दादा म्हणाला होता. दादाला उत्तर सुचलं नाही, की गोष्ट लाक्षणिक असायची.

रविवारी सकाळी 'ऐ' एकदाचा जमला. धाकटीनं तो जबडा इतर जबड्यांमध्ये बसवला आणि तयार झालेला शेवटचा प्रसंग पहिल्यांदाच आवाजासकट लावला.

बाबांचा आवाज संथपणे "प्रजाजनहो..." म्हणत होता. महाराजांचं तोंड मात्र लाही फुटावी तसं तडतडत होतं. भाषण संपलं, दीप तेवून झाला, तरी महाराज बोलतच होते. पाय उगारून, मान वेळावून, अवाक्षरही न काढता.

"हे काय बोलतायत?" दादानं घाबरून विचारलं.

धाकटीनं आरसा ओढला. पडद्यावरचा एकेक आकार पाहायचा आणि आपल्या तोंडानं तो करून बघायचा, असं तिनं सुरू केलं. "चंबू... पुन्हा चंबू... मग ओठ ताणले... मग सैल सोडले. उ... तू... गे... लं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उतू गेलं," दादा खोल आवाजात म्हणाला.

भाषण रेकॉर्ड केलं त्या दिवशी खरंच उतू गेलं होतं. बाबा कपाटात, दादा यंत्रापाशी, धाकटी तळ्यात, आणि दूध गॅसवर. आईनं घर डोक्यावर घेतलं होतं आणि माईक चालूच होता.

"मी तोंडपाटीलकीला ती फाईल दिलीच नव्हती!" धाकटी म्हणाली. "तू नाव दिलं होतंस तीच दिली. हे बघ ना: 'महाराज अंतिम खरं हे घे'."

दादानं जवळ जाऊन वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "मी 'हे घेऊ नको' असं लिहिलं होतं गं. नाव लांब झालं असेल. शेपटी कापली गेली."

"मग पुसून का नाही टाकलीस?"

"त्यात बाबांची एक शिंक फार सुंदर आलीय. म्हटलं, कधी हत्ती केला तर उपयोगी पडेल."

सगळी चित्रं पुन्हा करायला दुसरा दिवस उजाडला असता, आणि गंभीरराव एव्हाना घरून जेवून निघायच्या बेतात असतील. धाकटीनं सरळ उपाय सुचवला. "तोंड आईचं आहे, तर आवाजही आईचाच लावू या."

"वेड लागलंय का? महाराज आईसारखे ओरडणार? आणि आपण तिच्या नकळत ते रेकॉर्ड केलंय हे तिला कळलं तर?"

धाकटीनं तो उपाय तिथेच सोडला. मग दादानं महाराजांच्या तोंडापुढे एक झुडूप काढलं. पण महाराज चालत होते, त्यामुळे झुडपालाही त्यांच्याबरोबर चालावं लागलं, आणि ते हिरवी दाढी वाढवलेल्या ऋषीसारखे दिसू लागले. झुडूप काढून टाकलं.

शेवटी ठरलं ते असं: त्या प्रसंगात आवाज बंद ठेवायचा आणि बाबांनी कपाटातून प्रत्यक्ष बोलायचं. तोंडाच्या लांबीचं भाषण दादा लिहून देणार, आणि धाकटी कपाटाला टेकून उभी राहून टकटक करून इशारा देणार. गंभीररावांना कळणारही नाही.

"पण मला सर्दी कुठाय?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज शिट्टीसारखा आला.

तिघांनी विचार केला. गार पाणी, पंखा, ओलं डोकं, या सगळ्याला वेळ लागणार होता. धाकटीनं शेल्फवरून आईचं सर्वांत मोठं पातेलं काढलं आणि बाबांच्या तोंडासमोर धरलं. "आता बोला."

"प्रजाजनहो," बाबा पातेल्यात म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. धाकटी खूश झाली. पोकळी मोठी, म्हणून आवाज घुमतो. विज्ञान ऐनवेळी दगा देत नाही, असं तिला वाटलं. त्या पातेल्यात रोज दूध तापतं, हा मुद्दा विज्ञानाच्या कक्षेबाहेर राहिला.

गंभीरराव वेळेवर आले. उंच, शिडशिडीत, आणि चेहरा इस्त्री केलेला. त्यांनी खोलीत नजर फिरवली.

"बसायला...?"

"या ना, स्टूल आहे," दादा म्हणाला. आईनं दादाकडे असं पाहिलं की स्टूलसुद्धा जरा खाली दबलं.

चित्रपट सुरू झाला. बाळ पाणघोडा चिखलात घसरला. गंभीरराव हसले नाहीत. मावशी पाणघोडी झोक्यावर बसली आणि झाड वाकून तळ्यात गेलं. गंभीररावांनी चष्मा पुसला. बगळ्यानं महाराजांच्या पाठीला बेट समजून घरटं बांधलं. गंभीरराव म्हणाले, "आणखी थोडा चहा मिळेल?"

"हो हो, आणते," आई म्हणाली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचाही. "माझं मोठं पातेलं कुणी नेलं?"

"शोधतो, शोधतो!" दादा जागचा न हलता ओरडला. कपाटातून बारीकशी 'ठण्ण' ऐकू आली. धाकटी जोरात खोकली.

मग आईनं नाइलाजानं छोट्या पातेल्यात दूध ओतलं. गळ्यापर्यंत भरलेलं ते पातेलं गॅसवर चढवून ती दारात येऊन उभी राहिली. शेवटचा प्रसंग तिनं अजून पाहिला नव्हता. दोन वर्षं ज्याच्यापायी आपला सोफा उन्हात उभा आहे, त्या पाणघोड्याचं होतं तरी काय, हे कळावं इतकी तर तिचीही इच्छा होती.

पडद्यावर पूर आला. महाराज खडकावर चढले आणि त्यांनी पाय उंचावला. दादानं आवाज बंद केला. धाकटीनं कपाटावर टकटक केली.

काहीच नाही.

तिनं पुन्हा टकटक केली.

"प्रजा..." पातेल्यातून आवाज आला. गंभीररावांनी मान वळवून कपाटाकडे पाहिलं. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास इतका वेळ सोसणारं बाबांचं नाक नेमकं तेव्हा हरलं. दादाला हत्तीसाठी हवी होती त्याहून कितीतरी सरस अशी शिंक पातेल्यात फुटली, आणि देवळाएवढी घंटा कुणीतरी जमिनीवर आपटावी तसा आवाज झाला. पुढे सारं शांत. बाबांना सर्दी तर नव्हतीच, आता कानांत त्या घंटेशिवाय दुसरं काही ऐकूही येत नव्हतं.

महाराज पडद्यावर नुसतंच तोंड हलवत होते. धाकटीला डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतल्या बाटल्या दिसू लागल्या, स्वच्छ, रांगेत, पाणघोड्याविना.

तेवढ्यात जळका वास आला.

"उतू गेलं!" आई किंचाळून आत धावली. गॅसची चावी फिरली, पातेलं आदळलं. आणि धाकटीच्या लक्षात आलं, की महाराजही गप्प झालेत. रेकॉर्डिंगच्या दिवशीही आई चावी फिरवायला थांबलीच होती. पडद्यावरचे पहिले दोन शब्द हुकले होते. आता दोघंही पुढच्या वाक्याच्या एकाच उंबरठ्यावर उभी होती.

आईच्या रागाबद्दल धाकटीचं एक जुनं निरीक्षण होतं. कारण बदललं तरी शब्द बदलत नाहीत. तेच शब्द, त्याच क्रमानं, त्याच वेगानं. विषय कुठूनही निघो, गेली दोन वर्षं तो सोफ्यावरच जाऊन टेकायचा.

"सगळं उतू गेलं!" आई म्हणाली, आणि महाराजांचं तोंड तंतोतंत उघडलं. "घरात एवढी माणसं, एकाचं लक्ष असेल तर शपथ! एवढाली नाकं दिलीत देवानं, ती काय नुसती शिंकायला?"

पाण्यावर फक्त नाकपुड्या ठेवून दडलेले सगळे पाणघोडे एकदम शरमल्यासारखे दिसले. महाराजांनी पाय नाचवला.

"आत काय शिरून बसलात? बाहेर या आधी!"

दादानं दोन वर्षांपूर्वी काढून ठेवल्याप्रमाणे पाणघोडे पाण्यातून एकामागून एक बाहेर आले. त्याच क्षणी कपाटाचं दार उघडलं आणि बाबाही पातेल्यासकट बाहेर आले. हे शब्द त्यांच्या बऱ्या होऊ लागलेल्या कानांनी बरोबर ओळखले होते, आणि ऐकल्यावर बाहेर यायची सवय जुनी होती.

"मी एकटीनं कुठे कुठे बघायचं? आणि माझा सोफा आत कधी येणार, ते सांगा!"

महाराजांनी तोंड मिटलं. त्यांच्यामागे सूर्य उगवला.

गंभीररावांचे खांदे हलत होते. धाकटीला वाटलं, त्यांना ठसका लागला. मग त्यांच्या तोंडून कुलपात किल्ली अडकल्यासारखा 'खिक्' असा आवाज निघाला, आणखी एक निघाला, आणि मग ते स्टुलावरून घसरत खाली जाऊन बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आमची... आमची आईसुद्धा... अगदी हेच..." एवढंच त्यांना बोलता आलं.

सावरल्यावर त्यांनी दादाला विचारलं, "पडद्यावर आणि घरात एकाच वेळी कसं काय जमवलंत हे?"

"आमचं स्वतःचं तंत्र आहे," दादा म्हणाला.

"आणि तो सोफा? पाणघोड्याला सोफा कशाला?"

"लाक्षणिक आहे तो."

"लाक्षणिक कसला डोंबलाचा!" आई हातात फडकं घेऊन दारात उभी होती. "गॅलरीत उभा आहे. बघायचाय?"

गंभीररावांनी सोफा पाहिला, चित्रपट घेतला, आणि एकच अट घातली: महाराजांचा आवाज हाच हवा. आपलं रागावणं आपल्या पाठीमागे रेकॉर्ड झालंय, हे आईला तेव्हा कळलं. पुढचा अर्धा तास उतू गेलेल्या दुधाची कुणाला आठवणही राहिली नाही. शेवटी तिनंही एक अट घातली. अर्थात कोणती, ते सांगायला नको.

सुट्टीत 'चिखलनगरीचे महाराज' लागला. घरोघरी मुलं मोठ्या माणसांना दरडावू लागली, "आत काय शिरून बसलात?" मोठी माणसं घाबरून बाहेर येऊ लागली. उत्तुंगनं मोठी जागा घेतली, आणि तिथे सोफा सर्वांत आधी गेला. दारावर 'उत्तुंग' अशी ठसठशीत पाटी होती, पण लोक विचारत येत, "ते 'उतू गेलं'वाले इथेच का?" प्रयोगशाळेनं धाकटीची वाट पाहणं सोडून दिलं.

दुसऱ्या चित्रपटात महाराजांना भरपूर बोलायचं होतं. आईला काचेच्या खोलीत, खऱ्या माईकसमोर उभं केलं. तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "अरे देवा. सर्व काही. उतू. गेले आहे."

"आई, नेहमीसारखं बोल ना."

"नेहमीसारखंच बोलते आहे. कृपया लक्ष द्यावे."

बातम्या वाचल्यासारखा तो आवाज कशानंच बदलेना. तेव्हा धाकटीनं शास्त्रीय मार्ग धरला. ज्या परिस्थितीत निकाल मिळाला, तीच पुन्हा निर्माण करायची. नव्या जागेतल्या स्वयंपाकघरात छोटं पातेलं, मोठी आच, आणि दाराबाहेर माईक. रोज दूध ठेवायचं आणि बाबा, दादा, धाकटी तिघांनी दाराआड दबा धरायचा. रोज आई भडकायची. रोज नवा प्रसंग पुरा व्हायचा. प्रयोग इतका यशस्वी झाला, की धाकटीला स्वतःचाच हेवा वाटू लागला.

मग एकदा बराच वेळ झाला तरी आईचा आवाज येईना. धाकटी हळूच आत डोकावली. गॅस बंद होता. दूध खाली उतरवून वर झाकण ठेवलेलं होतं. आई शांतपणे ओटा पुसत होती.

"तू बंद केलास?"

"रोजच करते. एवढं दूध वाया घालवायला मी काय पाणघोडा आहे?"

"मग... मग तू रोज एवढी ओरडतेस ती कशी?"

"अगं, चांगली शिकलीसवरलेली तीन माणसं, कामधाम सोडून दाराआड लपून बसता. ते बघितलं की माझं डोकं आपोआप फिरतं. दूध कशाला लागतंय त्याला?" आईनं फडकं पिळलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "चल, उशीर होतोय. जा, लपा बघू. मला ओरडायचंय."